शिक्षकांचे मूल्यमापन : वॉशिंग्टन शहरातील ‘इम्पॅक्ट’ पद्धतीचा विचार

शिक्षकाच्या कामाची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा मानला जातो. तथापि त्याचा एक भाग भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. मूल्यमापनाची पद्धती कोणतीही असो, तिच्या शेवटी एका व्यक्तीला एक विशेषण लावावे लागते. ते विशेषण कोणत्या पुराव्यावर लावले, त्याच्या अर्थाच्या सीमा कोणी आखल्या आणि ते लावल्याने काय घडते, हे प्रश्न अर्थविचाराचे आहेत. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका शालेय जिल्ह्याची पद्धती उदाहरणादाखल घेऊन या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘शालेय जिल्हा’ या संज्ञेविषयी. हा आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. शाळा चालविणे, शिक्षक नेमणे व त्यांचे वेतन देणे एवढ्याच कामासाठी असलेली ती स्थानिक संस्था होय. बहुतेक ठिकाणी तिचा कारभार लोकनियुक्त मंडळ पाहते. वॉशिंग्टन शहरात मात्र २००७ पासून शाळांचा कारभार महापौरांच्या हाती आला, आणि त्यांनी नेमलेल्या प्रमुख मिशेल री यांच्या कारकीर्दीत, २००९-१० या शालेय वर्षापासून, ‘इम्पॅक्ट’ नावाची मूल्यमापनपद्धती सुरू झाली.

तिची निकड कशामुळे भासली, हे समजण्यासाठी २००९ मध्येच प्रसिद्ध झालेला ‘द विजेट इफेक्ट’ हा अहवाल ध्यानात घेतला पाहिजे. चार राज्यांतील बारा शालेय जिल्ह्यांची त्यात पाहणी होती. जेथे शिक्षकांना ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ यांपैकी एकच शेरा देण्याची पद्धत होती, तेथे ९९ टक्क्यांहून अधिक शिक्षक ‘समाधानकारक’ ठरले होते. विशेषणाचे कार्य व्यवच्छेद करणे हे होय. जे विशेषण सर्वांनाच लागू पडते ते कोणाविषयी काहीच सांगत नाही. उत्तम शिक्षकाचा त्यात गौरव नाही आणि दुर्बळ शिक्षकाला त्यात साहाय्य नाही. जुनी पद्धती अन्यायकारक होती यापेक्षा ती अर्थशून्य होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘रेस टू द टॉप’ या योजनेखाली राज्यांसाठी स्पर्धात्मक अनुदान जाहीर केले व शिक्षकांचे मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी जोडण्यास उत्तेजन दिले.

आता ‘इम्पॅक्ट’ची रचना पाहू. ज्या इयत्तांत वाचन व गणित यांच्या प्रमाणित परीक्षा होत, तेथील शिक्षकांच्या एकूण गुणांत प्रारंभी ५० टक्के वाटा त्यांच्या ‘मूल्यवर्धना’चा, ३५ टक्के वर्गनिरीक्षणाचा, १० टक्के शाळेच्या सामुदायिक जीवनातील सहभागाचा आणि ५ टक्के संपूर्ण शाळेच्या मूल्यवर्धनाचा असे. वर्षात पाच निरीक्षणे होत. त्यांपैकी तीन शाळेचे प्रशासक करीत, आणि दोन बाहेरून येणारे अनुभवी शिक्षक करीत. प्रत्येक घटकाला १ ते ४ गुण देऊन, भारांशानुसार बेरीज करून, १०० ते ४०० या मापावर अंतिम अंक काढला जाई. १७४ पर्यंत ‘निष्प्रभ’, १७५ ते २४९ ‘किमान प्रभावी’, २५० ते ३४९ ‘प्रभावी’ आणि ३५० पासून ‘अतिप्रभावी’ अशा चार श्रेणी होत्या.

यांतील ‘मूल्यवर्धन’ ही संकल्पना विशेष स्पष्टीकरण मागते. विद्यार्थ्यांचे मागील वर्षाचे गुण व त्यांची अन्य परिस्थिती विचारात घेऊन, यंदा त्यांना सरासरी किती गुण पडावेत याचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधला जातो. प्रत्यक्ष सरासरी आणि हा अंदाज यांतील अंतर म्हणजे शिक्षकाने घातलेली भर, असे मानले जाते. यामागील हेतू न्याय्य आहे. गरीब वस्तीतील शाळेच्या शिक्षकाची तुलना संपन्न वस्तीतील शिक्षकाशी थेट गुणांवरून होऊ नये, हा तो हेतू होय. परंतु अंतर म्हणून जे उरते ते सर्व शिक्षकाचेच, हे गृहीत धरावे लागते. अमेरिकन संख्याशास्त्र परिषदेने २०१४ मध्ये काढलेल्या निवेदनात असे नमूद केले की, बहुतेक अभ्यासांनुसार गुणांमधील एकूण तफावतीपैकी सुमारे १ ते १४ टक्के भागच शिक्षकांमुळे घडतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, एका शिक्षिकेला मूल्यवर्धनात २.०, निरीक्षणात ३.४, सहभागात ३.५ आणि शाळेच्या वाट्यात २.५ गुण मिळाले. वरील भारांश लावता तिचा अंक २६६.५ येतो, म्हणजे ती ‘प्रभावी’ ठरते. आता बाकी सर्व तसेच ठेवून मूल्यवर्धन २.० ऐवजी १.६ धरले, तर अंक २४६.५ होतो आणि तीच शिक्षिका ‘किमान प्रभावी’ होते. वर्गात पंचवीस मुले असताना चार-दोन मुलांच्या आजारपणाने वा अनुपस्थितीने सरासरी हलू शकते. अंक अखंड असतो, पण शब्द तुटक असतात. अखंड मापावर रेघ ओढून शब्दांचे कप्पे पाडले की रेघेच्या दोन्ही बाजूंचे अल्प अंतर भाषेत मोठे होऊन दिसते.

निरीक्षणाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. वर्गनिरीक्षणासाठी पातळ्यांचे वर्णन देणारे निकषतक्ते वापरले जातात. शार्लट डॅनियलसन यांनी १९९६ मध्ये मांडलेली चौकट त्यांत सर्वाधिक परिचित असून तिच्यात चार क्षेत्रे व बावीस घटक आहेत. अशा तक्त्यांतील दोन लगतच्या पातळ्यांमधील भेद पुष्कळदा क्रियापदात नसतो. तो ‘नेहमी’, ‘बहुधा’, ‘क्वचित’ यांसारख्या क्रियाविशेषणांत असतो. ‘बहुधा’ म्हणजे दहांपैकी किती वेळा, हे कोश सांगत नाही. निरीक्षकांच्या एकत्र प्रशिक्षणाने त्या शब्दाला एक संकेतित अर्थ प्राप्त होतो, आणि तो संकेत जितका पक्का तितके दोन निरीक्षकांचे गुण जुळतात. निकषतक्ता स्वतः बोलत नाही; त्याचा अर्थ लावणारा समुदाय घडवावा लागतो.

तिसरा प्रश्न शब्दाच्या परिणामाचा. काही शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करतात, तर काही शब्द उच्चारताच वस्तुस्थिती बदलते. ‘इम्पॅक्ट’मधील श्रेणी दुसऱ्या प्रकारच्या होत्या. ‘निष्प्रभ’ ठरलेल्या शिक्षकाची सेवा संपुष्टात येई. ‘किमान प्रभावी’ हा शेरा लागोपाठ दोन वर्षे मिळाला तरी तोच परिणाम होई. ‘अतिप्रभावी’ शिक्षकास मोठे पारितोषिक मिळू शके. जुलै २०१० मध्ये २४१ शिक्षकांना कमी करण्यात आले, आणि त्यांपैकी १६५ जण खालच्या मूल्यांकनामुळे गेले. पुढे, २०१२-१३ च्या मूल्यवर्धनाच्या गणनेत चूक होऊन ४४ शिक्षकांचे अंक चुकीचे निघाल्याचे डिसेंबर २०१३ मध्ये उघड झाले. त्यांपैकी एकाची नोकरी आधीच गेली होती.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टॉमस डी व जेम्स वायकॉफ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘किमान प्रभावी’ व ‘प्रभावी’ यांच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या शिक्षकांची तुलना केली. रेघेच्या खाली पडलेल्यांपैकी अधिक जणांनी स्वतःहून नोकरी सोडली, आणि जे राहिले त्यांचे पुढील वर्षीचे गुण लक्षणीय वाढले, असे त्यांना आढळले. शब्दाला फळ जोडले की माणसे आपले वर्तन बदलतात, एवढे त्यावरून सिद्ध होते. वर्तन बदलले म्हणजे अध्यापनच सुधारले का, हे मात्र गुणांच्या मापाबाहेर जाऊन पाहावे लागेल. जिल्ह्यानेही पद्धतीत फेरफार केले. २०१२-१३ पासून वैयक्तिक मूल्यवर्धनाचा वाटा ३५ टक्क्यांवर आणला आणि ‘विकसनशील’ ही पाचवी श्रेणी घातली.

मूल्यमापन ज्याचे होते त्याला ते पडताळून पाहता यावे, हा मुद्दा ह्यूस्टन येथील खटल्यात पुढे आला. तेथील शिक्षकांचे अंक ज्या खाजगी कंपनीच्या सूत्रांनी काढले जात ती सूत्रे व्यापारी गुपित मानली जात. आपला अंक बरोबर आहे की नाही हे शिक्षकाला तपासता येत नसेल तर त्याच्या न्याय्य प्रक्रियेच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो, असे मानून संघराज्य न्यायालयाने २०१७ मध्ये तो दावा पुढे चालविण्यास अनुमती दिली. त्याच वर्षी उभयपक्षी तडजोड झाली.

निकालावर मोल ठरविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणित या विषयांतील परीक्षेवर अवलंबून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत होती. खेड्यातील शाळेत ‘दिपोटी’ येणार म्हणजे गुरुजींच्या पोटात गोळा का उठे, याचे उत्तर या व्यवस्थेत काही अंशी सापडेल.

आपल्या भाषेत मोजणे, तपासणे आणि पारखणे ही तीन क्रियापदे आहेत. मोजण्याला माप लागते, तपासण्याला नियम लागतो आणि पारखण्याला जाणकार लागतो. मूल्यवर्धन हे मोजणे होय, आणि वर्गनिरीक्षण हे उत्तम झाले तर पारखणे, एरवी केवळ तपासणे. या तिन्ही क्रियांची फळे एका अंकात मिसळली की कोणत्या क्रियेने काय सांगितले हे नाहीसे होते. म्हणून शिक्षकाच्या हाती अंतिम शेरा देताना त्याचे घटक सुटे दाखविणे, सीमारेषेजवळच्या अंकांची अनिश्चितता नमूद करणे आणि गणना पडताळण्याची सोय ठेवणे हे मूल्यमापनाचेच अंग मानले पाहिजे. ज्या शब्दाने एखाद्याची उपजीविका जाते त्या शब्दाचा अर्थ त्याला विचारता आला पाहिजे, आणि देणाऱ्याला तो सांगता आला पाहिजे.