डोनोराची मुलं

मोनोंगहेला नदीवरचा पूल ओलांडताना व्याही गाडीचा वेग कमी करतात. "हा पूल आमच्या बेसबॉलपटू स्टॅन म्युझियलच्या नावाचा," ते म्हणतात. पिट्सबर्गच्या दक्षिणेला, डोंगरउतारावर वसलेलं डोनोरा हे माझ्या लेकीच्या सासऱ्यांचं जन्मगाव. आज ते मला गाव दाखवायला घेऊन आलेत.

मॅककीन अव्हेन्यूवरची बरीच दुकानं बंद दिसतात. लोकवस्ती आता पाच हजारांच्याही आत आली आहे. पण व्याह्यांच्या बोलण्यात गाव गजबजलेलं आहे. बोटांवर मोजत ते हिशेब मांडतात. म्युझियलचे 3,630 हिट्स. त्यातले 1,815 घरच्या मैदानांवर आणि बरोबर तेवढेच बाहेर. शाळेच्या संघात त्याच्यासोबत खेळायचा बडी ग्रिफी. त्या बडीचा मुलगा केन सिनसिनाटी रेड्सकडून 1975 आणि 1976 ची वर्ल्ड सिरीज जिंकला. नातू केन ज्युनियर इथलाच, म्युझियलसारखाच डावखुरा, जन्मही म्युझियलच्याच तारखेचा, 21 नोव्हेंबर. 14 सप्टेंबर 1990 ला सिअॅटलकडून खेळताना या बापलेकांनी पाठोपाठ होमरन मारले. हे सांगताना व्याह्यांचा आवाज चढतो. ज्युनियरचे पुढे 630 होमरन झाले.

आम्ही स्मॉग म्युझियममध्ये शिरतो. इथे बेसबॉलच्या आठवणी आणि धुराची कहाणी एकाच छताखाली आहेत. ऑक्टोबर 1948 च्या अखेरीस थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला, झिंक आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर दरीतच कोंडला. पाऊस पडेपर्यंत वीस माणसं दगावली, हजारो आजारी पडली. अमेरिकेत स्वच्छ हवेच्या कायद्यांची मागणी जोर धरू लागली, त्यामागे ही दुर्घटना होती.

मी साल पुन्हा वाचते. 1948 हाच म्युझियलचा सर्वांत तेजस्वी हंगाम: .376 ची सरासरी, 39 होमरन. पोलंडहून आलेले त्याचे वडील लुकाश इथल्याच तारेच्या कारखान्यात राबले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते वारले.

"विक्रम साऱ्या अमेरिकेला पाठ आहेत," व्याही म्हणतात. "या पोरांचे बाप कुठल्या धुरात राबले, ते मात्र आम्हीच सांगायचं."

त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. गावाची थोरवी खेळाडूंच्या आकड्यांत आहेच. पण पगारासाठी ती हवा छातीत भरून घेणाऱ्यांना वगळलं, तर ती अर्धीच राहते. त्यांच्या रोजीवर वाढलेली पोरंच तर पुढे मैदानात उतरली.

तेवढ्यात पिट्सबर्ग पायरेट्सची टोपी घातलेला एक मुलगा म्युझियलच्या फोटोपाशी येऊन थांबतो. व्याही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात आणि सांगायला लागतात. सुरुवात करतात ती लुकाशपासून.