न उतरवता येणारे ओझे

दप्तराच्या ओझ्याविषयी आपण शिक्षक पुष्कळ बोलतो. पण दप्तर घरी गेल्यावर उतरवता येते. काही मुलींच्या व स्त्रियांच्या स्तनांची वाढ शरीराच्या मानाने फार होते आणि ते ओझे उतरवता येत नाही. मान, खांदे व पाठ दुखतात, पट्ट्यांचे वळ खांद्यांवर कायम राहतात, मुंबईच्या दमट हवेत घामाने पुरळ उठते.

दुखते का, हे तरफेच्या नियमाने समजते. समजा, १ किलो वजन मणक्याच्या पुढे १० सें.मी. अंतरावर आहे. त्याचा तोल सांभाळणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे ५ सें.मी.वर ओढतात. म्हणजे त्यांना २ किलोंचा जोर लावावा लागतो आणि मणक्यावर भार पडतो ३ किलोंचा!

यावर स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया हा एक उपाय आहे. ती प्लास्टिक सर्जरीत मोडते. परळला १९२६ साली सुरू झालेल्या के.ई.एम. रुग्णालयात या शाखेचा स्वतंत्र विभाग आहे. नावातील 'प्लास्टिक'चा बादली-मगांशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'आकार देणे' असा आहे. शस्त्रक्रियेत जादा मेद, ग्रंथी व त्वचा काढतात आणि स्तनाग्र बहुधा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वर सरकवतात.

पण जगणे सुधारले, हे मोजायचे कसे? ताप तापमापकाने मोजता येतो. येथे रुग्णालाच विचारावे लागते. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रेस्ट-क्यू' या प्रश्नावलीत शारीरिक त्रास, मनःस्वास्थ्य, समाधान यांना ० ते १०० असे वेगवेगळे गुण मिळतात. अनेक देशांतील अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर हे गुण स्पष्टपणे वाढलेले आढळले आहेत.

याची किंमतही आहे. व्रण राहतात, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे स्तनपानाला अडचण येऊ शकते. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सहसा थांबतात.

तोवर ती मुलगी आपल्या वर्गात असते. कवायतीला मागे राहणारी, पोक काढून बसणारी मुलगी आळशीच असेल असे नाही. चारचौघांत 'ताठ बस' म्हणण्याऐवजी बाईंनी तिला बाजूला घेऊन 'पाठ दुखते का गं?' असे विचारले, तर निम्मे ओझे तेथेच उतरेल.