विश्लेषण : अनुभवी खेळाडू स्वस्तात घ्या, मोसमाच्या मध्यात सोडा! बेसबॉलची ही चाल आयपीएलमध्ये का चालत नाही?

द्रुतगती मार्गावरून लोणावळ्याहून पुण्याकडे येताना मावळ तालुक्यातील गहुंजेचे क्रिकेट स्टेडियम दिसते. ६ एप्रिल २०१७ रोजी याच मैदानावर इम्रान ताहिरने रायझिंग पुणे सुपरजायंटकडून खेळताना मुंबई इंडियन्सचे तीन गडी बाद केले आणि पुण्याने सामना जिंकला. ताहिर तेव्हा ३८ वर्षांचा होता. त्याआधी फेब्रुवारीत झालेल्या लिलावात त्याच्यावर कोणीही बोली लावली नव्हती. मिचेल मार्श जखमी झाला म्हणून बदली खेळाडू म्हणून तो संघात आला आणि त्या मोसमात त्याने १८ बळी घेतले.

लिलावात नाकारलेला, स्वस्तात मिळालेला आणि अचानक भाव वाढलेला खेळाडू. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये असे खेळाडू ठरवून शोधले जातात. मात्र स्वतः जिंकण्यासाठी नव्हे, तर पुढे दुसऱ्याला देण्यासाठी!

ही चाल नेमकी काय आहे?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत साधारण जुलैअखेर संपते. तोपर्यंत कोण जेतेपदाच्या शर्यतीत आहे आणि कोण नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट झालेले असते.

तळातला संघ हिवाळ्यात करारमुक्त झालेल्या एखाद्या अनुभवी खेळाडूशी एका वर्षाचा करार करतो. तो चमकला तर जुलैमध्ये जेतेपदाच्या शर्यतीतील संघाला त्याची गरज भासते. त्याच्या बदल्यात तळातला संघ पैसे नव्हे, तर दोन-तीन होतकरू तरुण मागतो. मावळातल्या बैलगाडा शौकिनांना हे वेगळे सांगायला नको. घाटात पळून दाखवलेल्या बैलाची किंमत दावणीला असलेल्या बैलासारखी राहत नाही.

याचा फायदा कोणाला झाला?

सर्वात गाजलेले उदाहरण शिकागो कब्जचे. या संघाने २०१३च्या मोसमासाठी स्कॉट फेल्डमन या गोलंदाजाशी (बेसबॉलच्या भाषेत ‘पिचर’) ६० लाख डॉलरचा एका वर्षाचा करार केला. जुलैच्या सुरुवातीला त्याला बाल्टिमोर ओरिओल्सकडे पाठवले. बदल्यात मिळालेल्यांमध्ये जेक अरिएटा होता. बाल्टिमोरमध्ये तो सपशेल अपयशी ठरला होता. शिकागोत मात्र त्याने २०१५मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. २०१६मध्ये कब्जने तब्बल १०८ वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली, त्यात अंतिम मालिकेतील दोन विजय अरिएटाच्या नावावर होते.

दोन्ही बाजूंचे भले झाल्याचेही उदाहरण आहे. कॅन्सस सिटी रॉयल्सने २०२३मध्ये अनुभवी अरोल्डिस चॅपमनला एका वर्षासाठी घेतले आणि जूनअखेर टेक्सास रेंजर्सला दिले. टेक्सास त्याच वर्षी विजेता ठरला. कॅन्ससला मिळालेला कोल रेगन्स पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला.

मग धोका कोणता?

खेळाडू जखमी झाला किंवा त्याचा सूर हरपला, तर पैसे बुडतात आणि बदल्यात काहीच मिळत नाही. खेळाडूच्या दृष्टीने पाहिले, तर घर थाटून तीन-चार महिने होतात न होतात तोच दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवावे लागते. त्यासाठी सहसा त्याची संमतीही लागत नाही. थोडे संरक्षण मात्र आहे. मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यातील शेवटची सलग पाच वर्षे एकाच संघाकडून खेळलेला खेळाडू अदलाबदल नाकारू शकतो. करारमुक्त होऊन नव्याने करार केलेल्याला १५ जूनपर्यंत त्याच्या संमतीशिवाय हलवता येत नाही.

सर्वात मोठा प्रश्न प्रेक्षकांचा. जुलैमध्येच ‘यंदाचे सोडा’ म्हणणाऱ्या संघासाठी ऑगस्टमध्ये तिकीट का काढायचे?

आयपीएलमध्ये असे का होत नाही?

पहिले कारण वेळेचे. साखळीत प्रत्येक संघाचे जेमतेम १४ सामने असतात आणि दोन महिन्यांत सारे आटोपते. अदलाबदलीची खिडकी दोन मोसमांच्या मधल्या काळात उघडते. काही हंगामांत मध्यावर खेळाडू देण्याची मुभा होती, पण ती दोनहून अधिक सामने न खेळलेल्यांपुरतीच. म्हणजे खेळून चमकलेला खेळाडू त्याच अटीत बाद.

दुसरे कारण भविष्याचे. बेसबॉल संघांच्या हाताखाली दुय्यम लीगमधील संघ असतात आणि तिथल्या तरुणांवर त्यांचा वर्षानुवर्षे हक्क राहतो. आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी महालिलाव होतो आणि मोजके खेळाडू वगळता पाटी पुसली जाते. आज मिळवलेला तरुण उद्या आपल्याकडे राहीलच याची खात्री नाही.

जवळचे उदाहरण कोणते?

पालघरचा शार्दूल ठाकूर. २०२५च्या महालिलावात त्याला कोणी घेतले नाही. मोहसीन खान जखमी झाल्याने लखनऊने त्याला दोन कोटी रुपयांत घेतले आणि हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत चार बळी टिपले. नोव्हेंबर २०२५मध्ये तो दोन कोटींतच मुंबई इंडियन्सकडे गेला. गोष्ट बेसबॉलसारखी सुरू झाली, पण शेवट वेगळा झाला. लखनऊच्या पदरात पडली ती लिलावाच्या बटव्यातील मोकळी जागा. त्याच सुमारास रवींद्र जडेजा आणि संजू सॅमसन यांची अदलाबदल झाली, पण तिथे दोन्ही बाजूंना प्रस्थापित खेळाडूच हवे होते. शिवाय आयपीएलमध्ये खेळाडूची संमती आवश्यक असते.

पुण्याच्या संघाचे काय झाले?

पुण्याचा संघ तर या विचाराच्या अगदी दुसऱ्या टोकाला होता. चेन्नई आणि राजस्थान निलंबित असल्याने तो दोनच वर्षांसाठी आला होता. त्याला ‘पुढचे वर्ष’ नव्हतेच, त्यामुळे सारे पणाला लावण्यात शहाणपण होते. २०१७च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला आणि विसर्जित झाला.

ताहिरच्या बदल्यात पुण्याला काहीच मिळाले नाही. पुढच्या लिलावात चेन्नईने त्याला एक कोटीत घेतले आणि २०१९मध्ये, वयाच्या चाळिशीत, २६ बळी घेऊन तो आयपीएलचा सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. बेसबॉलच्या हिशेबात पुण्याचा हा तोटा. पण गहुंजेच्या प्रेक्षकांना त्या मोसमातले त्याचे बळी आपल्याच संघासाठी मोजता आले. जुलैअखेर नामांकित खेळाडू निघून जाताना पाहणाऱ्या कित्येक अमेरिकी चाहत्यांच्या नशिबी तेवढेही नसते.