अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा?



आमचं गाव तालुक्याचं. तालुक्याच्या गावांमधल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं राज्य सरकारने 2014 मध्ये ठरवलं, त्यात आमचीही झाली. पाटी बदलली. सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकांच्या जागी मुख्याधिकारी. गाव मोठं झालं म्हणून आम्ही बायकांनीही पेढे वाटले. पाटीबरोबर आमची ग्रामसभाही गेली, हे ध्यानात यायला मात्र बराच काळ लागला.

ग्रामपंचायतीच्या कायद्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा असतात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. गटातल्या कितीतरी जणी चारचौघांत पहिल्यांदा बोलल्या त्या तिथेच. नगरपंचायत चालते दुसऱ्या कायद्याने, 1965 च्या नगरपरिषदांच्या कायद्याने. तिथे ग्रामसभा नाही. 2009 मध्ये राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, पण आमच्या प्रभागात ती भरलेली आम्ही अजून पाहिलेली नाही. मग उरला अर्ज.

तर अर्जाची गोष्ट. सार्वजनिक शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवरचे दोन दिवे बंद होते. अंधार पडला की मुली दोघी-तिघी मिळूनच जायच्या, आणि म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच टाळायच्या. आम्ही एकाच कागदावर तीन मागण्या लिहिल्या: दिवे लावा, गटांच्या बैठकांना सभागृह द्या, आणि चार जणींची रेशनकार्डं करून द्या. सह्या-अंगठे भरपूर घेतले. दोन महिने काही हाललं नाही. शेवटी तिथला लिपिकच म्हणाला, "ताई, हा कागद मी ठेवू कुठल्या टेबलावर?"

आम्हाला राग आला. पण त्याचं बरोबर होतं.

नगरपंचायतीला स्वतःची अशी सत्ता नसते. राज्याच्या कायद्याने जेवढं काम आणि जेवढा अधिकार दिला, तेवढाच तिचा. आपल्या गटाच्या अध्यक्षांना नियमाबाहेर कर्ज देता येतं का? मनात कितीही असलं तरी नाही. तसंच हे. 1 जून 1993 पासून लागू झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी 18 विषयांची यादी घटनेत घातली: पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा, असे. पण यादीत नाव आलं म्हणून काम आपोआप नगरपंचायतीकडे येत नाही. ते सोपवायचं राज्याने. त्यामुळे "घटनेत लिहिलंय" एवढ्यावर भांडू नका. आपल्या राज्याच्या कायद्यात काय आहे ते विचारा.

रेशनकार्ड तहसील कार्यालयाचं. नगराध्यक्षांनी मनावर घेतलं तरी ते देऊ शकत नाहीत, फार तर शिफारस करतील. ती मागणी आम्ही चुकीच्या दारात ठेवली होती.

दिवे आणि सभागृह दोन्ही नगरपंचायतीचे, पण सारखे नाहीत. कायद्याचं कलम 49 कामांचे दोन भाग करतं. रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, गटारं, पाणी, सार्वजनिक शौचालयं, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद ही बंधनकारक कामं. बाग, वाचनालय, सभागृह ही ऐच्छिक. बंधनकारक कामाला "पैसे नाहीत" हे उत्तर सहज देता येत नाही. ऐच्छिक कामाला देता येतं, आणि आम्हाला मिळालंही. दोन्ही एका कागदावर लिहून आम्ही आपला दिव्याचा हक्क सभागृहाच्या विनंतीत बुडवला होता.

ठरवतं कोण आणि करतं कोण, हेही आम्हाला तेव्हाच नीट कळलं. नगरपंचायतीत 17 प्रभाग आणि 17 नगरसेवक. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या. धोरण, खर्च, अंदाजपत्रक हे सभेत ठरावाने ठरतं. ठरावाची अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांकडे. ते निवडून येत नाहीत, राज्य सरकार त्यांना नेमतं. म्हणून ठराव हवा असेल तर आपल्या नगरसेविकेला गाठायचं, आणि झालेला ठराव अडला असेल तर मुख्याधिकाऱ्यांना. (नगरसेविकेचा फोन तिचे यजमान उचलत असतील तर "ताईंनाच द्या" म्हणायचं. सभेत मत तिचं असतं, त्यांचं नाही.)

दुसऱ्या वेळी आम्ही तीन कागद केले. रेशनकार्डाचा तहसीलदारांना. दिव्यांचा मुख्याधिकाऱ्यांना. त्यात खांबावरचे क्रमांक लिहिले, कारण खांब वीज कंपनीचा आणि वरचा दिवा नगरपंचायतीचा, असा वाद तिथे ठरलेलाच. सभागृहाचा कागद नगरसेविकेला, सभेत मांडण्यासाठी. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. तो नसेल तर तुमचा अर्ज आलाच नव्हता असं धरा.

दिव्यांचं तरी अडत होतं. मग 10 रुपये भरून माहिती अधिकारात मागच्या दोन सभांचं इतिवृत्त मागितलं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेवढेही पडत नाहीत, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. कागद आले तेव्हा कळलं, दिव्यांचं साहित्य घ्यायचा ठराव कधीच झाला होता. ठरावाचा क्रमांक घालून मुख्याधिकाऱ्यांना चार ओळी लिहिल्या. आठवड्यात माणूस शिडी घेऊन आला.

त्यातला एक दिवा पावसाळ्यात पुन्हा गेला. तो अर्ज आमच्या गटातल्या सर्वांत धाकट्या सुनेने लिहिला, एकटीने. रेशनकार्डं तिघींची झाली, चौथीच्या कागदात नावाची चूक निघाली. सभागृहाचा विषय दोनदा पुढे ढकललाय. अंदाजपत्रक नवं आर्थिक वर्ष लागण्याआधी मंजूर होतं, म्हणून यंदा संक्रांतीच्या आधीच प्रभागातल्या पाचही गटांचं पत्र घेऊन नगरसेविकेकडे जायचं ठरलंय.