ताऱ्याच्या पोटातला तक्ता

तापमान दीड कोटी केल्विनहून थोडं जास्त, घनता पाण्याच्या सुमारे १५० पट. सोन्याहूनही सात-आठ पट दाट, आणि तरीही वायूच! ही सूर्याच्या केंद्राची नोंद. पृष्ठभागाकडे निघालं, की आकडे उतरू लागतात. त्रिज्येचा पाव हिस्सा ओलांडेपर्यंत सूर्याचं जवळपास निम्मं वस्तुमान मागे पडतं. त्रिज्येच्या ७१ टक्क्यांवर तापमान २२ लाखांच्या आसपास येतं. तिथपर्यंत प्रकाशकिरणांनी वाहिलेली उष्णता पुढे उकळत्या आमटीसारख्या खालवर होणाऱ्या वायूतून बाहेर येते.

हे सारं एका तक्त्यात आहे. त्याचं नाव ‘मॉडेल एस’. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातले यॉर्गन क्रिस्टेन्सेन-डाल्सगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९६मध्ये मांडला. सुमारे अडीच हजार ओळींची ही फाइल इंटरनेटवर कुणालाही मोफत मिळते.

सूर्याच्या आत कुणी थर्मामीटर घातलेला नाही. हे आकडे गणिताचे आहेत. वजन आणि दाब यांचा तोल, वस्तुमानाची वाटणी, ऊर्जेची निर्मिती आणि तिचा प्रवास अशी चार समीकरणं. नवजात सूर्य घ्यायचा, त्याला संगणकावर ४६० कोटी वर्षं जगवायचं आणि आजची त्रिज्या व तेज जुळेपर्यंत सुरुवातीचं मिश्रण बदलत राहायचं.

मग विश्वास कशावर ठेवायचा? सूर्याच्या कंपनांवर. त्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत हलतो. त्यावरून आतल्या ध्वनीचा वेग काढता येतो, आणि तो या तक्त्याशी एक टक्क्याहूनही कमी फरकाने जुळतो. ही कंपनं टिपणाऱ्या ‘गाँग’ जाळ्याच्या सहा केंद्रांपैकी एक उदयपूरला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी याच विषयात मोलाचं काम केलं.

इतर ताऱ्यांसाठी ‘मेसा’ ही खुली संगणकप्रणाली आहे. वस्तुमान आणि घटक सांगितले, की ती ताऱ्याचा जन्मापासूनचा प्रवास गणिताने मांडते. मात्र तयार मॉडेल घेताना त्यात कोणती घटकद्रव्यं धरली आहेत, ते आधी पाहावं. सूर्यातल्या ऑक्सिजनचं प्रमाण नव्या मोजणीत कमी भरलं, तेव्हा कंपनांशी जुळणारं गणित बिघडलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

भौतिकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने ‘मॉडेल एस’ची फाइल एकदा तरी उघडावी आणि त्रिज्येसमोर तापमानाचा आलेख स्वतःच्या हाताने काढावा. रोज डोक्यावर तळपणारा सूर्य मग आतूनही ओळखीचा होईल.