धुराडं कुणी झाडायचं?

कोल्हापुरातनं, शिवाजी पेठेतनं आम्ही बोलतोय.

शहरातल्या बायका चुलीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण पेठेतल्या काही जुन्या घरांच्या न्हाणीत अजून तांब्याचा बंब पेटतो. शिवाय आमच्यातल्या कितीतरी जणींची माहेरं करवीर, पन्हाळा, राधानगरीकडची. तिथं घरात गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा असतो ना! तेव्हा धूर आमच्याही चांगला ओळखीचा आहे.

मागच्या थंडीत आमच्यातल्या एकीच्या घरी काय झालं ते आधी सांगतो. सकाळची वेळ, न्हाणीचं दार लावलेलं, वारा येतो म्हणून खिडकीला पोतं. बंबात नुसता रसरशीत विस्तव होता, धूर म्हणाल तर नावाला नाही. सून अंघोळीला गेली आणि दहा मिनिटांत तिला भोवळ आली. दाराला टेकून खाली बसली म्हणून आवाज आला, नाहीतर कळलंच नसतं. तिला उचलून चौकात आणली, मोकळ्या वाऱ्यावर ठेवली, मग दवाखान्यात नेलं. वाचली. दुपारी बंबाचं धुराडं काढून बघितलं, तर आत पाखरानं काड्या-गवत भरून घरटं केलेलं.

धूर दिसत नव्हता, मग भोवळ कशानं? निखाऱ्याला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यालाही झोंबत नाही. बंद खोलीत तो साठला की डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात. घरातल्या दोघी-तिघींचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर पित्त म्हणून सोडू नका. आधी दारं-खिडक्या उघडा, सगळी माणसं बाहेर काढा, मग विस्तवाचं बघा. थंडीत शेगडी आत घेऊन दार लावून झोपणं याच कारणासाठी धोक्याचं. न्हाणीतल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे.

आता धुराडं काम कसं करतं ते बघू. गुऱ्हाळघर सगळ्यांनी पाहिलंय. जळव्या एका तोंडानं चिपाडं टाकतो, जाळ काहिलीखालनं सरपटत जातो आणि धूर लांब टोकाच्या उंच धुराड्यातनं बाहेर पडतो. जाळाला तिकडं कोण ओढतं? गरम हवा हलकी असते, ती धुराड्यातनं वर चढते, आणि तिच्या जागी चुलवाणाच्या तोंडातनं ताजी हवा आत ओढली जाते. धुराडं उंच, गरम आणि आतनं मोकळं असेल तेवढी ओढ चांगली. बंबाच्या पोटातली उभी नळी हेच करते. घरच्या चुलीचंही वेगळं काही नाही. ओढ कमी झाली की धूर मागं फिरतो, चुलीच्या तोंडातनं तुमच्या डोळ्यांत.

ही ओढ कमी करते काजळी. वाळलेलं जळण भडकून पेटलं तर काजळी कोरडी, भुकटीसारखी बसते, झाडली की पडते. ओलं सरपण, दमट शेणी, पावसात भिजलेली चिपाडं धुमसत राहिली तर धुरातला चिकट भाग थंड नळीला लागून डांबरासारखा थर धरतो. तीन इंची नळीत चारी बाजूंनी बोटभर थर बसला तर राहिलं किती, हिशेब करा. आणि हा थर पेट घेतो. धुराड्यातनं घोंघावल्यासारखा आवाज आला, नळी लाल दिसायला लागली, तर आतला जाळ लागलाय असं समजा. तेव्हा वरनं पाणी ओतायचं नाही. वाफ उसळते, नळी तडकते. लेकरं-म्हातारी बाहेर काढा. चुलीचं तोंड आणि वैलाचं भोक पत्र्यानं, ओल्या मातीनं बंद करा, म्हणजे हवा तुटेल. पाचटाचं छप्पर असेल तर नळीभोवतीच्या छपरावर पाणी मारा आणि अग्निशमन दलाला 101 वर फोन करा.

एवढं सगळं माहीत असूनही धुराडी तुंबतात. का? आमच्या मते कारण साधं आहे. चूल बाईची आणि छप्पर गड्याचं, आणि धुराडं दोन्हीच्या मधे लटकतंय. बाई म्हणते, मी कौलावर कशी चढू? गडी म्हणतो, चुलीचं काम माझं नव्हे. सहा महिने जातात.

हे फक्त आपल्याकडं नाही. निर्धूर चुलींचा सरकारी कार्यक्रम 1980 च्या दशकात देशभर सुरू झाला, 2002 मध्ये बंद झाला. गावोगावी त्या चुलींचे अवशेष तुम्ही बघितले असतील: चूल फोडलेली आणि भिंतीत नळीचं भोक. ओडिशात ग्राम विकास या संस्थेनं धुराड्याच्या चुली दिल्या, त्यावर रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अभ्यासकांनी 44 गावांतल्या सुमारे 2600 घरांची काही वर्षं पाहणी केली. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढं तो फायदा उरला नाही, कारण चुली नेमानं वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजी झाली नाही. डफ्लोबाईंना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या आज्जीला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं म्हणा.

तेव्हा आमचा पहिला सल्ला, कौलावर चढायची गरजच कमी करा. नवीन नळी बसवताना गवंड्याला सांगा की नळी जिथं वर वळते, तिथं कोपराऐवजी टी बसव आणि खालच्या तोंडाला झाकण ठेव. झाकण काढलं की काजळी खाली घमेल्यात पडते, आणि लांब कळकाला काथ्याचा ब्रश बांधून खालनंच नळी घासता येते. जुनी कोपराची नळी असेल तर दोरीला गोणपाटाचा घट्ट बोळा बांधायचा, खाली वजनाला दगड, एकानं वरनं सोडायचा, दुसरीनं खालनं ओढायचा. काम चूल पूर्ण गार असताना, नाकातोंडाला ओलं फडकं बांधून. पुढच्या आणि मागच्या वैलामधला बोगदा विसरू नका, राख तिथंच साठते. लाकूड जाळत असाल तर महिन्यातनं एकदा, शेणी आणि चिपाडं असतील तर पंधरवड्याला. दिवस ठरवून टाका, अमावस्या म्हणा नाहीतर गटाच्या बैठकीचा दिवस म्हणा. जिच्याकडं शिडी आहे तिचं घर पहिलं.

एक गोष्ट मात्र जपून. जुन्या चुलींना राखाडी सिमेंटच्या नळ्या असत, त्यातल्या बऱ्याच ॲस्बेस्टॉसच्या. त्या नळीची धूळ फुफ्फुसाला फार वाईट, आणि तिचा त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. तिला तारेचा ब्रश लावू नका, करवतीनं कापू नका, फोडून अंगणात टाकू नका. फुटली असेल तर पाण्यानं भिजवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अख्खी काढा आणि जागी पत्र्याची नळी घाला. पत्र्याची नळी वाशाला चिकटू द्यायची नाही, मधे वीतभर जागा पाहिजे, कारण वाळका वासा नुसत्या धगीनंही पेटतो.

बाकीची कामं मृग लागायच्या आधी उरका. नळी छपराच्या वर दोन हात तरी हवी, नाहीतर वारा धूर परत खाली दाबतो. टोपी आणि नळीत चार बोटं फट ठेवा आणि फटीला जाड जाळी लावा, म्हणजे पाखरू घरटं करणार नाही. पण जाळीलाही काजळी धरते, तीही झाडायची. नळी कौलातनं जिथं बाहेर पडते तिथं पत्र्याची कॉलर बसवा. भिंतीवरनं तांबूस-काळं पाणी ओघळत असेल तर गळती तिथंच आहे. चुलीच्या भेगा शेण, माती आणि भुश्श्याच्या गाऱ्यानं लिंपा आणि लिंपण पुरतं वाळल्यावरच जाळ घाला.

त्या सुनेच्या घरी आता बंबाच्या धुराड्याला जाळी आहे, न्हाणीच्या खिडकीचं पोतं काढलंय, आणि दर अमावस्येला सासरे शिडी धरतात, सून ब्रश चालवते.