ठासणीच्या बंदुकींतील उलटा झोत

ठासणीची बंदूक पुढून भरतात. दारू आणि गोळी तोंडांतून घालून गजानें ठासतात. नळीची मागची बाजू बंदच असते. परंतु ठिणगी दारूपर्यंत पोंचण्यासाठीं मागें एक बारीक वाट ठेवावीच लागते. ज्या वाटेनें ठिणगी आंत जाते, त्याच वाटेनें तप्त वायु बाहेर येऊं पाहतो. नेम धरणाऱ्याचा डोळा तेथून वीत-दीड वीत अंतरावर असतो. म्हणून हा उलटा झोत आवरणें म्हणजे केवळ बंदूक स्वच्छ राखणें नव्हे.

चकमकीच्या बंदुकीचा कान उघडाच असे. बाहेरची रंजक पेटतांच ज्वाळा दिसे आणि पक्षी सावध होऊन उडत. स्कॉटलंडांतील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ यांना शिकारींत हीच अडचण आली. आघातानें पेटणारें स्फोटक वापरण्याच्या युक्तीचें पेटंट त्यांनीं १८०७ सालीं घेतलें. त्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली. ती पोकळ खुंटीवर बसे व घोडा तिला वरून दाबून धरी. त्यामुळें कान बराचसा झांकला गेला. तथापि खुंटीचें छिद्र झिजून रुंद झालें, कीं वायु घोड्यालाच मागें रेटी आणि टोपीचे तुकडे उडत. यासाठीं घोड्याचें तोंड खोलगट करीत.

१८५७ सालीं जिच्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष उसळला, ती एन्फील्ड रायफलही ठासणीचीच होती. दारूच्या दाबानें तिची गोळी फुगून नळींतील आट्यांत घट्ट बसे. म्हणजे जो दाब गळतीला कारण होतो, त्यालाच बुचाचें काम देतां येतें. पुढें पितळी काडतुसानें हेंच तत्त्व मागच्या बाजूस साधलें: बार होतांच तें फुगून भिंतीस चिकटतें आणि दाब ओसरला कीं सुटतें.

ठासणीच्या बंदुकीला मात्र हें काडतूस नाहीं. अमेरिकेंत हरणांच्या शिकारीसाठीं वापरल्या जाणाऱ्या अनेक नव्या ठासणीच्या रायफलींत टोपीऐवजीं २०९ क्रमांकाचा प्रायमर असतो. मूळचा तो छर्ऱ्याच्या काडतुसाचा. त्याच्या बैठकींत किंचित् फट राहिली, तरी काजळी मागें येते.

फट शोधण्याची रीत सोपी, पण धीराची आहे. दारूचें माप व गोळी तीच ठेवावी आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रत्येक जातीच्या प्रायमरचे कांहीं बार काढून प्रायमरच्या कडेवरील व मागच्या खिळीवरील काजळी ताडून पाहावी. प्रायमर बैठकींत सैल असेल तर त्या बंदुकीसाठींच केलेली पातळ चकती किंवा रबरी कडें उपयोगी पडतें. मात्र खिळी जोर लावून बंद करावी लागूं नये. अधिक जोरदार प्रायमर अधिक चांगला असें समजूं नये. छिद्र झिजलें असेल तर कोणतेंही कडें पुरत नाहीं. तो भागच बदलावा लागतो. ही पारख चालू असतां डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच. कारण फट राहिल्याचें प्रथम कळतें तें बार झाल्यानंतरच.